हवालदार सावंत यांची नोंद

मार्च २००४ मध्ये चेन्नईच्या एका लष्करी रुग्णालयात माझी पोस्टिंग झाली. मी नर्सिंग असिस्टंट, रँक नाईक. ड्यूटी दारू सोडवण्याच्या वॉर्डात. बारा खाटा. ०५३० ला उठवणे, ०६०० ला पीटी, ०८०० ला औषधं. त्यानंतर माझं रजिस्टर.

डिस्चार्जनंतर सहा महिन्यांनी आम्ही जवानाच्या युनिटला कार्ड पाठवायचो. पितो की नाही, एवढंच लिहून ते परत यायचं. वर जाणाऱ्या रिपोर्टात रकाने तीनच होते : बरा, पुन्हा सुरू, मृत्यू. ज्याचं कार्ड आलंच नाही, त्याला मी 'पुन्हा सुरू'मध्ये टाकायचो. खोटं यश दिसू नये, एवढाच हेतू होता.

हवालदार सावंत साताऱ्याकडचे. वॉर्डात असताना मला चिडवायचे, "काय रे पेनवाल्या, तुझ्या वहीत कुणी सुधारतं का कधी?"

डिस्चार्जनंतर चार महिन्यांनी ते रिटायर झाले आणि चेन्नईबाहेरच्या एका ट्रकच्या कारखान्यात सिक्युरिटीला लागले. हे मला नंतर कळलं. कार्ड जुन्या युनिटला गेलं. परत आलं नाही.

पुढच्या वर्षी एका सकाळी, ०९४० ला, कारखान्याच्या गाडीने त्यांना आणून सोडलं. हात थरथरत होते. जीभ जड झाली होती.

ड्यूटीवरच्या कॅप्टन साहेबांनी विचारलं, "जुना पेशंट?"

"यस सर."

"रजिस्टरला काय आहे?"

"पुन्हा सुरू, सर."

"मग तुमच्याच वॉर्डात घे. उतरू दे."

सावंतांनी माझी बाही धरली. "नाही... घेतली."

असं सगळेच म्हणायचे. मी बाही सोडवून घेतली.

सावंत वहिनी तीन बस बदलून १३२० ला पोचल्या. दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, अकरा महिने थेंब नाही घेतला ह्यांनी. पहाटे रक्त ओकले, तरी ड्यूटीला गेले. कुणी विचारलं तरी का?"

कुणी विचारलं नव्हतं.

१३३० ला त्यांना मेडिकल वॉर्डात हलवलं. लिव्हर जुन्या दारूनेच गेलं होतं; हाताची थरथर, जड जीभ त्याचीच. १७१० ला ते वारले.

ते चार तास मिळाले असते तर? मी आमच्या वॉर्डाच्या डॉक्टर मेजर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही."

महिनाअखेरीला मी त्यांचं नाव 'मृत्यू'मध्ये लिहिलं आणि 'बरा'मध्येही. हेड क्लार्क म्हणाला, "एक माणूस दोनदा? बेरीज चुकते. एक खोड."

मी 'बरा'मधलं खोडलं.

नोकरी संपल्यावर मी कॉलेजात नाव घातलं. आमच्या घरातला पहिलाच. सर टक्केवारी शिकवतात तेव्हा हात वर करावासा वाटतो, पण प्रश्न नीट मांडता येत नाही. म्हणून इथे लिहितो. हवालदार सावंत वारले त्या दिवशी त्यांना दारू सोडून अकरा महिने झाले होते.