यावर रेललं तर चालेल का?

डेपोत तिला भिंगरी म्हणत, आणि तोंडावर म्हणत. वाहतूक नियंत्रक म्हणून तिचं काम एवढंच, की उभी असलेली गाडी वेळेवर हलली पाहिजे. चालकाने चहाचा कप तोंडाला लावला न लावला तोच हिची हाक यायची, "काका, कप घेऊन बसा गाडीत, पण निघा." दिवसभर लोकांना पिटाळून पिटाळून ती घाई तिच्या अंगात मुरली होती. घरीसुद्धा ती उभ्या उभ्या जेवायची आणि नवऱ्याचं वाक्य त्याच्या आधी पुरं करून टाकायची. नवरा छापखान्यात रंग जुळवणारा, थंड डोक्याचा माणूस. रंग वाळल्याशिवाय तो मत देत नसे. या दोघांचं जमतं कसं, हे शेजाऱ्यांना पडलेलं कोडं होतं.

त्या घरात तिसरे आले ते तिचे बाबा. बाबांची सगळी नोकरी एका इस्पितळाच्या तळघरात, चादरी धुण्याच्या विभागात गेली. तिथे खिडकी नव्हती. होतं ते भिंतीवरचं एक जुनं कॅलेंडर, त्यावर शनीचं चित्र. साल उलटून गेलं तरी बाबांनी ते काढू दिलं नाही. निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी एक छोटी दुर्बीण विकत घेतली, म्हणाले, खरं कडं एकदा बघायचं आहे. आणि खोकं धड उघडायच्या आत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं तेवढं वाचलं. लेक त्यांना आपल्याकडे घेऊन आली, खोक्यासकट.

बाबांचा स्वभाव असा, की आपल्यामुळे कुणाला म्हणून त्रास व्हायला नको. भाजी अळणी झाली तरी झकास. खोलीतला पंखा बंद पडला तरी हवा छान आहे. अशा माणसाची सेवा करणं सोपं वाटतं. ते किती अवघड असतं, हे तिला फार उशिरा कळलं.

घराच्या गॅलरीतून शनी दिसत नव्हता, म्हणून संध्याकाळी ती बाबांना आणि दुर्बिणीला लिफ्टने खाली अंगणात न्यायची. नवऱ्याची दुपारपाळी असायची, त्यामुळे मदतीला कुणी नाही. त्यात शेजारच्या मोकळ्या जागेवर इमारत उठत होती. दर आठवड्याला ती थोडं आकाश गिळायची. इकडे शनीही रोज संध्याकाळी जरा आणखी खाली सरकलेला असायचा. इमारत वर, शनी खाली. एकदा का दोघांची गाठ पडली, की या वर्षापुरता खेळ खलास, आणि पुढच्या वर्षाचा भरवसा बाबांकडे बघून तिला वाटत नव्हता.

म्हणून घाई. दुर्बीण लावायची, शनी पकडायचा आणि हाक मारायची, "चला बाबा, चला, आलाय." बाबा खुर्चीतून उठायचे, वॉकर पुढे सरकवायचे, वाकायचे, डोळा लावायचे आणि म्हणायचे, "दिसला. छान आहे." ती खूश. गाडी वेळेवर सुटली.

एका संध्याकाळी ती शनी लावून बाबांना हाक मारणार, तेवढ्यात डेपोतून फोन आला. कुठली तरी गाडी रस्त्यात बंद पडली होती. शेजारच्या बांधकामाची धूळ उडत होती, म्हणून बोलता बोलता तिने दुर्बिणीच्या तोंडावर झाकण घातलं. फोन ठेवला, घाईत आत न बघता नळीच्या वरूनच अंदाजाने नेम पुन्हा धरला आणि बाबांना बोलावलं. बाबा आले, वाकले, डोळा लावला.

"दिसला," ते म्हणाले. "कडं आज फारच सुरेख आहे."

बाबा खुर्चीकडे वळल्यावर तिने डोळा लावला. आत मिट्ट काळोख. झाकण तसंच तोंडावर होतं.

तिने ते गुपचूप काढून खिशात टाकलं. इतके दिवस, इतक्या संध्याकाळी, या माणसाने काहीएक पाहिलेलं नव्हतं आणि तरी दर वेळी तिच्या हौसेला मान डोलावली होती. रागही आला तिला, खोटं बोलल्याचा. मग राग कुणावर काढायचा हेच कळेना.

दुसऱ्या दिवशी बाबा वर झोपलेले असताना तिने एक उद्योग केला. बाबांचा वॉकर घेऊन ती अंगणात गेली. दिवेलागण झाली होती. तिने शनी लावला, बाबांच्या खुर्चीत बसली आणि बाबांसारखी उठली. आधी डावा हात, मग उजवा पाय ओढत, वॉकर पुढे, मग एक पाऊल. कचरा टाकायला आलेली शेजारीण डबा हातात धरून बघतच राहिली. भिंगरी दुर्बिणीपाशी पोचली, वाकली. शनी निघून गेला होता. नुसतं रिकामं आकाश. पुन्हा लावला, पुन्हा तेच. जिला दिवसभर गाड्या हलवाव्या लागतात, तिच्यासमोरून हा न सांगता निघून जात होता.

तिथून जे डोकं फिरलं ते फिरलंच. दुर्बीण ठीक होती, खालची तिपाई साधी होती. ग्रहाच्या मागे मागे जाणारी बैठक हवी होती, जिला माउंट म्हणतात. रात्रंदिवस तिचं एकच, हा माउंट का तो माउंट. डाळीला फोडणी देताना मोबाइलवर माउंट, डेपोत घोषणा करता करता माउंट. आज एक पक्का ठरायचा, सकाळी त्यात खोट निघायची.

"शनी मागे लागू नये म्हणून लोक धडपडतात," नवरा म्हणाला. "तू त्याला धरून ठेवायला निघालीस."

"तुला गंमत सुचतेय. चौथा मजला चढला तिकडे."

शहरात एक चष्म्याचं दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत दुर्बिणीचं सामान मिळायचं. चष्मेवाला सावकाश बोलणारा. त्याने तिला एका माउंटचा तिरपा दांडा दाखवला. "हा आस ध्रुवाकडे रोखायचा, ताई. सगळं आकाश त्याच्याभोवतीच फिरताना दिसतं. एकदा रोखलात, की हे एकच चाक फिरवत राहायचं. ग्रह जागचा हलत नाही. मोटर लावली, की चाकही फिरवायला नको."

"उचलून न्यायला सोपा कुठला?"

त्याने तळहातावर मावेल असं एक यंत्र काढलं. कॅमेऱ्यासाठी असतं म्हणाला, आणि पुढेही काही सांगणार होता. पण तिने ते पिशवीत टाकलंसुद्धा होतं.

संध्याकाळी तिने दुर्बीण त्यावर बसवली. शनी खरंच राहिला जागेवर. मग बाबा आले. त्यांचा थरथरता हात नळीला लागला आणि शनी डबक्यातल्या चंद्रासारखा हेलकावू लागला. तो थांबायच्या आत बाबांनी मान वर केली.

"दिसला," ते म्हणाले. आता तिला तो सूर ओळखू यायला लागला होता. अळणी भाजीचा सूर.

दुसऱ्या दिवशी ती यंत्र घेऊन दुकानात हजर. चष्मेवाल्याने न बोलता परत घेतलं आणि मोठा माउंट पुढे केला. जाडजूड, लोखंडी वजनं लटकवलेला. "याच्यावर हत्ती बसला तरी हलणार नाही." तिने एका हाताने उचलून पाहिला. उचलला गेला, पण दारापर्यंत जाता जाता खांदा निखळायची वेळ आली. दुसरा हात बाबांच्या कोपराला लागणार होता. दुर्बीण पाठीवर, बाबा एका हाताशी, माउंट दुसऱ्या हातात. दोन खेपा करायच्या, तर बाबांना कुठे तरी एकटं उभं ठेवावं लागणार. तिने तो खाली ठेवला.

राहिला मधला. बारीक पायांचा, छोटी मोटर असलेला, पिशवीत मावणारा. चष्मेवाल्याने त्यावर एक नळी बसवली. तिने उजवा हात लुळा सोडला, डावा थरथरवत नळीवर ठेवला आणि अंगाचा भार टाकला. नळी डुगडुगली. पुन्हा दुसऱ्या बाजूने भार टाकला. गिऱ्हाइकं चष्मे लावून बघायची थांबून हिच्याकडे बघू लागली.

"ताई, काय करताय?"

"यावर रेललं तर चालेल का?"

"रेलायला खुर्ची असते, ताई," तो म्हणाला. मग तिच्या लुळ्या सोडलेल्या हाताकडे बघत, "बघणार कोण आहे?"

तिने सांगितलं. झाकणाचंसुद्धा सांगितलं. का, कुणास ठाऊक. नवऱ्याला तिने ते सांगितलेलं नव्हतं.

चष्मेवाला उठला. त्याने त्या मधल्या माउंटचे पाय, जे आतून सरकवून लांब केले होते, ते पुन्हा आत ढकलले. माउंट कमरेखाली आला. "आता टाका भार." तिने टाकला. नळी किंचित हलली आणि लगेच स्थिर झाली. चष्मेवाल्याने आपली खुर्ची ओढून नळीमागे ठेवली. "बसून बघू द्या की त्यांना. उभं कशाला करता?"

ती त्या खुर्चीकडे बघत राहिली. दुर्बीण आजवर तिने आपल्या उंचीला लावली होती. ती स्वतः कधी बसत नसे, म्हणून कुणी बसून बघेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. लुळ्या पायाचा माणूस ती रोज उभा करत होती.

मधला माउंट घरी आला, पण त्यानंतर दोन संध्याकाळी ढग होते. ती अंगणात येरझारा घालत होती आणि शेजारच्या इमारतीवर गजांचं नवं जंगल उगवत होतं. तिसऱ्या दिवशी आभाळ उघडलं. पाण्याच्या टाकीच्या वर ध्रुव नेहमीसारखा तिथल्या तिथेच होता. तिने आस त्याच्याकडे रोखला. इतकी स्थिर वस्तू तिने आयुष्यात प्रथमच नीट पाहिली असेल. मग शनी लावला, मोटर चालू केली, बाबांची खुर्ची ओढून नळीमागे आणली. शनी नव्या मजल्याच्या जेमतेम हातभर वर होता.

तिने आधी दुर्बिणीच्या तोंडाला हात लावून पाहिला. झाकण नव्हतं.

"बसूनच बघा, बाबा."

बाबांनी मान पुढे केली. चष्मा आड आला, तो काढला. पुन्हा मान पुढे. तिच्या जिभेवर 'चला' आलं होतं, ते तिने गिळलं.

"दिसला?"

बाबांनी दुसरा डोळा मिटून पाहिलं. मग म्हणाले, "नाही. अजून नाही दिसला."

तिला रडूच आलं. इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा खरं सांगितलं होतं.

"सावकाश होऊ द्या. तो कुठे जात नाही आता."

बाबांनी डोळा जरा सरकवला, डावा हात नळीवर टेकवला, भार टाकला. नळी हलली आणि थांबली. आणि बाबाही थांबले. श्वास घेतायत की नाही, असं वाटावं इतके.

"अगं," ते हळूच म्हणाले, "कडं सुटं आहे. मधून आभाळ दिसतंय. कॅलेंडरात ते चिकटलेलं वाटायचं."

हे पाहिल्याशिवाय सांगता येण्यासारखं नव्हतं. तिने डोळे पुसले.

"बाबा, मग त्या दिवशी दिसला कशाला म्हणालात? झाकण होतं त्या दिवशी."

"माहीत आहे. घालताना बघितलं मी तुला."

"मग सांगायचं नाही?"

"तुला डेपोतून फोन आला होता ना," बाबा डोळा न काढता म्हणाले. "तुला जायची घाई होती."

ती भडाभडा बोलू लागली, की असं करू नका, मला घाई असली तरी सांगत जा, भाजीचंसुद्धा सांगत जा, पंख्याचंसुद्धा.

"सांगेन," बाबा म्हणाले. "आता जरा खाली बस आणि गप राहा. मला बघू दे."

ती त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली.