भूगोलाच्या पुस्तकावरचं पहिलं पान

माझं परीक्षण भरल्या हॉलमध्ये मोठ्याने वाचलं गेलं आणि माणसं पोट धरून हसली. परीक्षण विनोदी नव्हतं. त्या हसण्याचा मी डूख धरला, आणि धरला याचं मला आजही वाईट वाटत नाही.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. पिंपरीत एका कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहायचो. नवरा टूलरूममध्ये, मी घरात. मॅट्रिकला मला इंग्रजीत चांगले मार्क होते, पण लग्नानंतर त्या इंग्रजीचा उपयोग औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचण्यापुरताच उरला होता. कॉलनीत वाचक मंडळ होतं, म्हणजे एक कपाट, दोन सतरंज्या आणि हॉलबाहेर भिंतीला ठोकलेली काचेची पेटी. त्या पेटीत दर महिन्याला हाताने लिहिलेलं भित्तिपत्रक लागायचं. त्यातलं पुस्तकांचं सदर माझ्याकडे आलं, कारण इंग्रजी पुस्तकांवर लिहायला दुसरं कोणी तयार नव्हतं. सासरी मी सूनबाई, शेजारी वहिनी, दुधवाल्याला बाई. माझं नाव पूर्ण लिहिलेलं असायचं ते त्या काचेमागे, आणि पाण्याला जाताना मी वाट वाकडी करून ते बघून यायची.

मंडळाचे चिटणीस आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे. अकाउंट्समध्ये होते, आवाज भारदस्त, कुठल्याही सभेत माईक आपल्याचसाठी आणलाय अशी समजूत. कारखान्यात मशिनी बसवायला एक इंग्रज इंजिनियर आला होता. त्याच्या मुलासाठी विलायतेहून चित्रकथांची साप्ताहिकं यायची. परत जाताना साहेबाने ते गठ्ठे मंडळाला देऊन टाकले. चिटणीसांनी चिंचवडगावातल्या बाइंडरकडून त्यांचे जाड लाल पुठ्ठ्यांचे खंड बांधून घेतले आणि पावसाळ्यात मला म्हणाले, “वहिनी, हे वाचा आणि गणपतीच्या अंकाला झकास परीक्षण द्या.”

मी जीव लावून वाचलं. एक यान दूरच्या चंद्रावर अडकलंय, त्यात एक कप्तान, दोन तंत्रज्ञ आणि एक म्हातारा आचारी. बाहेर जांभळी वाळू, वाळूखाली काहीतरी जिवंत. ही इंग्रज माणसं यानाला भोक पडलं तरी आधी चहा करायची, हे मला फार आवडलं. चित्रं तर अशी, की नवऱ्याने सेकंड शिफ्टला जाता जाता एक पान बघितलं आणि डबा हातात घेऊन तिथंच उभा राहिला. “आगं, हे फ्लँज बघ. बोल्ट बरोबर काढल्यात. ह्या माणसानं मशीन बघितलंय,” म्हणाला. आमच्या कॉलनीत यापेक्षा मोठी शाबासकी नव्हती.

पण गोष्ट जागोजागी अडखळायची. कप्तान दोरीला लटकतोय, दोरी तुटत आलीय, आणि पान उलटलं की तो कोठडीत बसून भिंतीवर रेघा मारतोय. कसा वाचला, कोणी पकडला, काही नाही. आचारी वाळूत गडप होतो आणि पुढच्या पानावर कांदा चिरत असतो. एकदा झालं तर समजू, हे दर आठवड्याच्या भागाला व्हायचं. मी तसं लिहिलं: चित्रं उत्तम, यंत्रं उत्तम, पण लेखकाला मधला जिना बांधण्याचा कंटाळा आहे, तो वाचकाला खालून उचलून थेट गच्चीवर ठेवतो.

गणपतीत पाचव्या दिवशी अंकाचं वाचन असायचं. चिटणीसांनी माझं परीक्षण स्वतः वाचायला घेतलं. जिन्याच्या वाक्याशी थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, “वहिनींना जिना लागतो. आता लेखक विलायतेत बसलाय, त्याला काय ठाऊक आपल्याकडे पाणी जिन्याने चढवतात.” हॉल हसला. मग आवाज खाली आणून, प्रेमाने समजावल्यासारखं म्हणाले, “चित्रकथा म्हणजे भाजीची कृती नव्हे. हुशार वाचकाला सगळं सांगावं लागत नाही.” यावर तर टाळ्याच पडल्या. पुरुषांच्या बाजूला माझा नवराही हसत होता. मला बघून त्याने तोंड मिटलं, पण उशीर झाला होता. तो आठवडा आमच्या घरी फक्त दोडका शिजला.

पुढच्या महिन्यापासून सदर चिटणीसांनी स्वतःकडे घेतलं. मला कोणी सांगितलंसुद्धा नाही. मी हंडा कमरेवर घेऊन काचेसमोर उभी राहिले तेव्हा माझ्या नावाच्या जागी त्यांचं नाव होतं, आणि खाली याच खंडांवर दोन पानांची स्तुती. मधल्या गाळलेल्या जागा म्हणजे म्हणे लेखकाची थोर कला. एक मात्र खरं, त्यांना ती गोष्ट मनापासून आवडली होती. त्यांनी ती पुन्हा पुन्हा वाचली होती. ही गोष्ट पुढे माझ्या फार उपयोगी पडली.

संक्रांत आली. त्यांच्या घरी हळदीकुंकू होतं. जायचं नव्हतं, पण त्यांची बायको गरीब स्वभावाची, तिचा काय दोष म्हणून गेले. कुंकू लावून घेतलं, तिळगूळ हातात घेतला. “गोड बोला हं,” ती म्हणाली. मी मान वर केली तर समोर फळीवर मुलांची शाळेची पुस्तकं ओळीने मांडलेली, आणि सगळ्यात वरच्या पुस्तकावर माझा कप्तान. दोरीला लटकलेला. खालून वाळूतून एक हात येतो, त्याच्या पायाला धरतो, आणि शेवटच्या चौकटीत कोठडीचं दार बंद होतं. बरोबर ते पान, जे खंडात नव्हतं. वर चौकोनी चिठ्ठी: इयत्ता सहावी, विषय भूगोल.

माझ्या हातातला तिळगूळ हातातच राहिला.

त्या विलायती साप्ताहिकांत गोष्ट मुखपृष्ठावरच सुरू व्हायची. पहिलं रंगीत पान म्हणजेच भागाचं पहिलं पान, पाठीमागे सायकलींच्या आणि टूथपेस्टच्या जाहिराती, आणि मग आत गोष्ट पुढे चालू. आपल्याकडे मासिकाचं कव्हर म्हणजे एखाद्या बाईचं नाही तर देवाचं चित्र. ते काढून टाकलं तर कथेचं काही बिघडत नाही, म्हणून बांधताना काढूनच टाकतात. इथे दर आठवड्याचा जिना काढून टाकला होता, आणि वर मलाच जिन्यावरून हसले होते.

दुसरी बाई असती तर तिथेच बोलली असती. मी बोलले नाही. मी दुसरा तिळगूळ मागून घेतला, छान झालाय म्हणाले आणि घरी आले. एवढी कव्हरं एका घरात संपणार नव्हती, उरलेली कमिटीत वाटली असणार, म्हणून रथसप्तमीपर्यंत मंडळाच्या कमिटीतल्या एकूण एक घरी मी हळदीकुंकवाला गेले. ज्यांच्याकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं त्यांच्याकडेही गेले. बायका म्हणायच्या, यंदा वहिनींना बरा उत्साह आलाय. मी हातावर अत्तर लावून घ्यायची, अभ्यास कसा चाललाय म्हणत मुलांची पुस्तकं हातात घ्यायची आणि कव्हरं वाचायची. कोणाच्या गणितावर वाळूतलं वादळ, कोणाच्या हिंदीवर यानाचा स्फोट. आचारी वाळूतून कसा सुटला ते मला एका शास्त्राच्या पुस्तकावर कळलं. तिथे मी जरा जास्तच वेळ उभी राहिले, तेव्हा घरातल्या सासूबाईंनी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

एकच भाग कुठे सापडेना, शेवटचा. खंडाच्या शेवटी यान परतीला निघतं, इंधन संपत आलंय, आणि पुढे कोरा पुठ्ठा. शेवटच्या अंकात गोष्ट बहुतेक मुखपृष्ठावरच संपली असणार.

मग मी चिंचवडगावात बाइंडरकडे गेले. म्हातारा तिथलाच, खळीचा डबा मांडीजवळ, दाभण कानामागे. मी विचारलं, कव्हरं का काढली.

“कव्हर काडायचंच आस्तंय, बाई. शिलाई नीट बसती,” तो म्हणाला. “तरी मी इचारलं व्हतं. लई रंगीत हायती, आत शिवू का म्हनलं. तर चिटनीस म्हनले, न्हाई, काड. पोरांच्या पुस्तकांना व्हतील. समदी गुंडाळून घेऊन गेले.”

“सगळी?”

“येक ठिवलं मी. चित्र झ्याक व्हतं म्हनून.”

ते त्याच्या मागे भिंतीवर, देवाच्या कॅलेंडरखाली खिळ्याला टोचलेलं होतं. मी जवळ जाऊन वाचलं. शेवटचं पान होतं. मी ते मागितलं, त्याने काढून दिलं. बसने घरी येईस्तोवर मी ते पदराखाली धरलं होतं, आणि चिंचवडगाव मागे पडल्यावर मला एकटीला हसू फुटलं.

गुढीपाडव्याला मंडळाचा वर्धापनदिन असायचा. पहाटे पाण्याच्या वेळेआधी मी काचेची पेटी उघडली. तिची किल्ली माझ्याकडून परत घ्यायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्यांचा लेख काढून मी माझा लावला. वर माझं नाव, मोठ्या अक्षरात. खाली लिहिलं होतं की या खंडांबद्दल मी पूर्वी जे लिहिलं ते मागे घेते, लेखकाने जिना बांधला होता, तो आपल्याकडे चोरीला गेला. मग प्रत्येक भागाचं पहिलं पान सध्या कुठे आहे ते सांगितलं होतं. कप्तान कोठडीत कसा गेला हे वाचायचं असेल तर चिटणीसांच्या थोरल्या चिरंजीवांचा भूगोल पाहावा. यानाचा स्फोट खजिनदारांच्या कन्येच्या हिंदीवर. वाळूतलं वादळ पहिल्या मजल्यावर, गणितावर. बाइंडरचे शब्दही जसेच्या तसे दिले होते. शेवटी एक ओळ: शेवटच्या भागाचं पान परीक्षकाकडे सुरक्षित आहे.

सकाळी गुढ्या उभारून लोक हॉलकडे आले ते पेटीपाशीच अडले. मी वरून गॅलरीत उभी होते. आधी एक हसला, मग चारजण, मग ते गणपतीतलं हसू जसंच्या तसं परत आलं. फरक इतकाच, की या वेळी त्याचं तोंड दुसरीकडे होतं. कोणीतरी पोरांना घरी पिटाळलं, दप्तरं आली, पायऱ्यांवर पुस्तकं लावून माणसं गोष्ट वाचायला लागली. चिटणीस धोतर सावरत आले, दोन ओळी वाचल्या आणि मान खाली घालून परत गेले. मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी श्रीखंड दोनदा वाढून घेतलं. नवरा म्हणाला, “लई लागलं गं बिचाऱ्याला.” मी त्याला विचारलं, दोडका चालेल का रात्रीला.

सभेत ठराव झाला, कव्हरं गोळा झाली, आणि ती खंडात चिकटवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी घरी खळ शिजवली आणि एकेक पान जागेवर बसवलं. त्यावरच्या चिठ्ठ्या मात्र काढल्या नाहीत. कप्तानाच्या छातीवर इयत्ता सहावी आणि आडनाव तसंच राहू दिलं. पुढे जो कोणी तो खंड उघडेल त्याला कळायला नको? सदर माझ्याकडे परत आलं. चिटणीसांनी माफी मागितली नाही. झालं गेलं विसरा, एवढंच म्हणाले, तेही दुसऱ्याकरवी. विसरायचं कशाला?

पुढची काही वर्षं आम्ही एकाच जिन्यावरून चढलो-उतरलो. त्यांना पूर्ण खंड वाचून काढताना मी हॉलमध्ये पाहिलं. शेवटच्या पानाशी येऊन ते कोरा पुठ्ठा बघत बसायचे. एकदा त्यांनी बायकोला पाठवलं, एकदा खजिनदारांना. मी म्हणाले, बघते, कुठे ठेवलंय आठवत नाही.

ऐंशी सालानंतर ते निवृत्त झाले. गावी जायला सामानाचा ट्रक खाली उभा असताना पेढे घेऊन आमच्या दारात आले. केस पांढरे झाले होते, आवाजातला माईक गेला होता. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, “वहिनी, आता जातोय. तेवढं एक सांगा. ते घरी पोचतात का?”

पान आतल्या खोलीत ट्रंकेत होतं. उठून आणायला क्षण लागला नसता.

मी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, “हुशार वाचकाला सगळं सांगावं लागत नाही.”

त्यांना आठवलं. चेहऱ्यावर दिसलं मला ते. त्यांनी चपला घातल्या आणि कठड्याला धरून सावकाश जिना उतरून गेले.

शेवट तसा साधाच आहे. यान उतरतं, दार उघडतं, बाहेर पाऊस पडत असतो आणि आचारी म्हणतो, चला, चहा टाकतो. हे ऐकून त्यांचा जीव शांत झाला असता, आणि तेच मला नको होतं.