रेघेच्या वर

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं आमचं गाव मोठ्या पुरात बेट बनतं. एके काळी ही एका संस्थानाची राजधानी होती. बाहेरचे लोक येतात, दगडी घाट आणि देवळं बघतात, नदीपलीकडे नृसिंहवाडीला दर्शन घेतात आणि संध्याकाळच्या एसटीने कोल्हापूरला परततात. घरांच्या भिंतींवरच्या रेघा सहसा कोणी बघत नाही. प्रत्येक मोठ्या पुराची उंची गावाने तेलरंगाने तिथे नोंदवली आहे. सगळ्यांत वरच्या रेघेपुढे पाणी जात नाही, ही इथली समजूत.

माझ्या काकीच्या दाराशेजारी ती रेघ छातीइतकी उंच होती. गेल्या मोठ्या पुरात बातमीसाठी मी गावात पोहोचलो आणि मागे रस्ता बंद झाला. ऊन पडलं होतं. धरणांतून सोडलेलं पाणी मात्र चढत होतं. काकीने सकाळीच एकुलती एक म्हैस जिन्याने गच्चीवर नेली होती. दुपारी पाणी कमरेला लागलं, तेव्हा बोट आली.

"मावशी, चला. सांजंपातूर रेघ बुडतीय," बोटवाला म्हणाला.

"आन् हिला?"

"माणसं न्यायला आलोय. म्हस जिना चढती, उतरत न्हाय, एवढं ठावं न्हवतं व्हय?"

"ठावं हुतं की. पाणी रेघंच्या वर येत न्हाय, ह्ये बी ठावं हुतं."

मी काकीला धरणांचे आकडे सांगितले.

"आकडं तुझ्या पेपरात छाप. मला धार काढायची हाय."

बातमी पाठवायची होती. मी बोटीत बसलो. बाकीची माणसं घेऊन संध्याकाळी बोट परत काकीच्या दारावरून गेली, तेव्हा रेघ दिसत नव्हती.

तीन दिवस काकीचा फोन लागला नाही. चौथ्या दिवशी पाणी गच्चीच्या कठड्याखाली वीतभर थांबलं आणि उतरू लागलं. दोघी जिवंत होत्या. म्हैस जिन्याकडे बघायलाही तयार नव्हती. शेवटी जेसीबीने मुरूम टाकून गच्चीपासून अंगणापर्यंत उतार केला, तेव्हा ती खाली आली.

नवी रेघ काकीने ओढू दिली नाही. उतारही काढू दिला नाही. यंदा आषाढात तिचा फोन आला. म्हैस दावं तोडून आपणहून गच्चीवर जाऊन उभी राहिली होती.

नदी तेव्हा पात्रातच होती.