धुराला स्टँडबाहेर काढणारे अप्पा

शरणप्पा कोहिनुरे यांच्याशी माझी पहिली ओळख भांडणातून झाली. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात हे शोभेल का, असं संपादकांनी विचारलं. पण खरं ते खरं. नव्वदीनंतर आमच्या भागातली माणसं पुण्या-हैदराबादेकडे निघाली, तेव्हा मी कमलनगरहून जेमतेम बीदरपर्यंत पोहोचलो आणि नौबादच्या स्टँडवर रिक्षा लावली. पहिल्याच दिवशी रांगेतला नंबर मोडून सवारी भरली. शरणप्पा, म्हणजे आमचे अप्पा, स्टँडवरचे जुने चालक; त्यांनी माझी किल्ली काढून घेतली. "नवा हायस म्हणून नुसतं सांगायलोय. हितं नंबर म्हंजे नंबर." दुपारी मात्र त्यांनीच आपल्या डब्यातली भाकरी माझ्यापुढे सरकवली. तेव्हापासून मी त्यांचाच झालो.

त्या काळी आम्ही पेट्रोलमध्ये सर्रास रॉकेल मिसळत असू. सगळेच करत, त्यामुळे कुणालाच त्याचं काही वाटत नसे. सकाळी स्टँडवर धूर असा कोंडायचा की पुढची रिक्षा दिसू नये. काही वर्षांत मला दमा जडला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ही लाईन सोडा. म्हातारी आई बीदर सोडायला तयार नव्हती आणि दुसरं काम मला येत नव्हतं. शेवटी आईला मागे ठेवून पुण्याला वॉचमन व्हायचं ठरवून मी अप्पांचा निरोप घ्यायला गेलो.

"कामून जायलास?"

"धूर सोसंना, अप्पा."

अप्पा म्हणाले, "धूर आपुनच केला न्हवं? मग तू कामून जावं? धूर जाऊ दे. जरा थांब."

मी थांबलो. अप्पांनी त्याच दिवशी स्वतःपुरतं रॉकेल बंद केलं. पुढे गावात गॅसचा पंप आला, तेव्हा रिक्षा गॅसवर चालवायचं स्टँडवरचं पहिलं किट त्यांनीच बसवून घेतलं. आम्ही चालक मंडळी म्हणजे नावं ठेवण्यात पटाईत. "अप्पा बॉम्ब घेऊन फिरायलेत," अशी चर्चा सुरू झाली.

आणि पहिल्याच सकाळी घोटाळा झाला. मीटरजवळ उदबत्ती लावल्याशिवाय आमच्यात कुणी पहिली सवारी नेत नाही. अप्पांनीही सवयीने लावली. मागे बसलेल्या तीन बायकांपैकी एक किंचाळली, "अगं बाई, गॅसच्या गाडीत इस्तू! उतरा, उतरा!" तिघीही उड्या टाकून पळाल्या. दिवसभर त्या रिक्षात चिटपाखरू बसलं नाही. मी मनातल्या मनात पुण्याची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी स्टँडवरच्या लिंबाखाली वाळूचा डबा ठेवला आणि त्यात आपली उदबत्ती खोचली. "आजपासून उदबत्ती हितं लावा आन् मग गाडीला हात लावा. देव काय रागवत न्हाई." त्यानंतर त्यांनी आपल्या पत्नी शांताअक्कांना मागच्या सीटवर बसवलं आणि बाजारातून रिक्षा फिरवली. अक्का सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लग्न झाल्यापून पहिल्यांदा फिरवायलेत, ते बी गॅसच्या टाकीवर बसवून!" बाजार हसला, आणि हसलेली माणसं हळूहळू रिक्षात बसू लागली.

किट बसवायला रिक्षा दिवसभर मेकॅनिककडे अडकायची, म्हणून चालक टाळाटाळ करत. तेव्हा नंबरासाठी माझी किल्ली काढून घेणाऱ्या अप्पांनीच नवा नियम केला: ज्याची रिक्षा किटसाठी अडकली, त्याला दुसऱ्या दिवशी पहिला नंबर. एकेक करत सगळा स्टँड गॅसवर आला. मी पुण्याला गेलो नाही. आईची शेवटची वर्षं माझ्यासमोर गेली. हे ऋण फेडायची भाषा मी करणार नाही, ते फिटणारं नाही.

आज अप्पा पंचाहत्तर वर्षांचे झाले. सकाळी आम्ही दोघं किल्ल्याकडे फिरायला जातो. जुना धूर माझ्या छातीतून पुरता गेलेला नाही. चढावर मला थांबावं लागतं. तेव्हा अप्पाही थांबतात आणि खाली वाकून चपलेचा पट्टा आवळल्यासारखं करतात. त्यांच्या चपलेला पट्टाच नाही. माझ्यासाठी असं वाकायला त्यांची कंबर शंभरीपर्यंत धडधाकट राहो, एवढंच आम्हा सर्वांचं मागणं आहे.