काकांनी वाचलेलं गाव

मुलांनो, गाझा हे नाव तुम्ही बातम्यांत ऐकता. आमच्या घरात ते पहिल्यांदा आलं तुमच्या आजोबांच्या पत्रातून, आणि आलं तेच बिघडून.

आजोबा फौजेत होते. आमच्या लग्नानंतर थोड्याच महिन्यांत त्यांची पलटण संयुक्त राष्ट्रांच्या कामावर समुद्रापार वाळवंटात गेली. मी जऊळक्याजवळच्या आमच्या गावी सासूबाई आणि लग्नाच्या वयाची नणंद यांच्याबरोबर राहिले. सासरे हयात नव्हते, म्हणून घरातला कर्ता पुरुष म्हणजे शेजारचे चुलतसासरे, आजोबांचे काका. आमच्या शेतात ते कधी उतरले नाहीत आणि आमच्या ओट्यावरून कधी उठले नाहीत.

टपाल जऊळक्याला गाडीतून उतरे आणि डाकवाला ते सायकलवरून आणी. पत्र काकांच्या नावे असे. बायकोच्या नावे पत्र टाकणं त्या काळी बेशरमपणात जमा होतं. मजकूर ठरलेला: वडील मंडळींना नमस्कार, हवापाणी, तुरीची चौकशी, आणि शेवटी ‘घरात सांगावे की प्रकृती उत्तम आहे’. त्यातलं ‘घरात’ म्हणजे मी. नागपूरच्या शाळेत इंग्रजी कविता पाठ केलेली मी त्या एका सप्तमी विभक्तीवर पुढच्या पत्रापर्यंत दिवस काढायची, आणि काका नेमकी तीच ओळ गाळायचे. बायकांसाठीचा मजकूर मोठ्यानं वाचणं त्यांना कमीपणाचं वाटे. ती ओळ मी नंतर, ते जेवायला गेले की, पत्र खुंटीच्या तारेतून काढून वाचत असे.

मग एक दिवस आलेल्या पत्रात लिहिलं होतं, ‘आम्ही सध्या गाझा येथे आहोत.’ काकांकडे चष्मा होता, पण तो फक्त लग्नकार्यात लावायचा होता. त्यांनी कागद हातभर लांब धरला आणि वाचलं, ‘आम्ही सध्या गांजा येथे आहोत.’ ओट्यावर जमलेली माणसं पुढे सरकली. मग काकांनी अर्थ सांगितला. अर्थ सांगितल्याशिवाय त्यांचं वाचन पुरं होत नसे.

“तिथं गांजा पिकते. सरकारनं पोट्टे राखणीले बसवले असन.”

मी दाराआडून सासूबाईंना म्हणाले की ते गाझा आहे, समुद्रकाठचं गाव आहे, शाळेच्या नकाशात मी पाहिलं आहे. काकांनी माझ्याकडे न पाहता सासूबाईंनाच सुनावलं.

“सूनबाईले सांगा, इंग्रजी तिले येत असन. हे मराठी हाय. मराठी आमाले वाचता येते.”

ओट्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकालाही वाचता येत नव्हतं. अडाण्यांचा मला कधी राग आला नाही. अडाण्यांपुढे पंडित होऊन बसणाऱ्यांचा आजही येतो.

पुढे काय झालं ते उघडच आहे. जऊळक्याच्या स्टेशनावर बातमी पोचली तेव्हा आजोबा गांजाच्या मुलखात होते. पुढच्या धनज गावी ती पोचेपर्यंत ते गांजाच्या गुन्ह्यात तुरुंगात होते. काकांनी त्यांना व्यसनापासून दूर राहण्याविषयी लांबलचक पत्र धाडलं. बिचाऱ्यांनी उलट टपाली लिहिलं की व्यसनाचा उल्लेख समजला नाही, आपण तर सुपारीसुद्धा सोडली आहे. काकांनी तेही ओट्यावर वाचलं आणि म्हणाले, सुपारी सोडली असं मुद्दाम लिहितो, त्या अर्थी बाकी सगळं सुरू आहे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण नणंदेची सोयरीक इंझोरीच्या एका घरात जुळत आली होती. मुलगा तिनं धनजला एका लग्नात पाहिला होता. तो पंगतीत बुंदी वाढत होता, आणि भूक नसताना हिनं तीनदा बुंदी मागून घेतली होती. एवढंच त्यांचं बोलणं. आता ती माझ्यापाशी तांदूळ निवडत बसली होती आणि खडे ताटात तसेच राहत होते.

“वयनी, हे सोयरीक मोडन का व?”

मी तिला सांगितलं की मोडणार नाही, कारण गावाचं नाव ते गावाचंच नाव राहतं. आठवड्याच्या बाजारानंतर मुलाचे मामा चौकशीला आले. ओट्यावर काका, आत आम्ही तिघी. मामा सरळ बोलणारे होते.

“मुलीचा भाऊ गांजाच्या भानगडीत हाय, असं आयकलं.”

‘माझी वाचण्यात चूक झाली’ एवढं काकांनी म्हटलं असतं तरी विषय संपत होता. काकांनी मिशीवरून हात फिरवला.

“भानगड कायची? सरकारी गांजा हाय तो.”

त्या उत्तरासाठी मी त्यांना कधी माफ केलं नाही. एका अनुस्वारासाठी त्या माणसानं पुतणीचा संसार ओट्यावरून खाली ढकलला असता आणि वर पान मागितलं असतं. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या. मी उंबऱ्यापर्यंत गेले, पण नणंद चहाची थाळी घेऊन माझ्या पुढे निघून गेली. तिनं कप मामांपुढे ठेवला. डोक्यावरचा पदर जागेवर होता, आवाजही.

“मामाजी, गाझा गावाचं नाव हाय. नावात गांजा आयकू आला म्हून तिथं गांजा पिकत असन, तं तुमच्या इंझोरीत इंजन राह्यते का?”

मामा हसू लागले, आणि कपातला चहा बशीत सांडला.

“नाही व बाई. आमच्या गावात इंजन नाही. आता तू आली का येईन.”

सोयरीक तिथंच पक्की झाली. तिला सासरी जन्मभर इंजनबाई म्हणत, आणि ती त्या नावाला ओ देई. काकांनी मात्र गावभर सांगितलं की पाहुण्यांची परीक्षा घ्यावी म्हणून आपण मुद्दाम तसं बोललो. ओट्यानं माना डोलावल्या.

लग्नाआधी आजोबांचं आणखी एक पत्र आलं. काकांनी नेहमीसारखा हात पुढे केला. सासूबाई आयुष्यात दिरासमोर बोलल्या नव्हत्या. तेव्हाही बोलल्या नाहीत. त्यांनी पत्र डाकवाल्याकडून घेतलं आणि मुलीच्या हातात दिलं. ती गावच्या शाळेत चार बुकं शिकलेली. अक्षर लावत, बोट फिरवत, तिनं नमस्कारापासून तुरीपर्यंत सगळं वाचलं. गाझा आलं तेव्हा थांबून पुन्हा वाचलं, ‘गा’ लांबवून. मग शेवटची ओळ आली.

“घरात सांगावे की प्रकृती उत्तम आहे.”

पहिल्यांदाच ती ओळ मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते, भर ओट्यावर, दिवसाउजेडी. नणंदेनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि ती ओळ पुन्हा वाचली.

“तेवढं वाचाचं नसते,” काका म्हणाले, आणि सुपारीचा डबा शोधू लागले.