डब्यावरची खडूची रेघ

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. मेकॅनिकल इंजिनियर. कुणी विचारलं नाही तरी सांगते. बाबा रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर. बदलीने अकोल्याहून जयपूरला आले ते इथलेच झाले. निवृत्तीनंतर प्रताप नगरच्या घरात नुसते बसून असायचे, आई गेल्यावर तर बोलणंही सोडलं. मग बदली होऊन निघालेल्या एका फौजीकडून त्यांनी जुनी टू-स्ट्रोक डर्ट बाइक घेतली. दर रविवारी शहराबाहेरच्या कोरड्या नदीपात्रात ती पळवायचे, मी मागून स्कूटरवर. त्या दिवशी जेवताना माणसासारखे बोलायचे. गाडी बंद पडली तर बाबाही बंद पडतील, एवढं मला कळत होतं.

गेल्या वर्षी गाडीचा स्पार्क प्लग मरायला लागला. दहा मिनिटं पळायची, मग भकभक करून बंद. प्लग काढावा तर ओला, तेलकट, काळाकुट्ट. पेट्रोल जास्त, हवा कमी, हे मी बघताक्षणी सांगितलं. कार्ब्युरेटर उघडला. सुईची क्लिप एक खाच वर घेतली, म्हणजे सुई खाली बसणार आणि पेट्रोल कमी जाणार. काळाच. मग लहान जेट, म्हणजे पेट्रोलची आणखी बारीक तोटी. मग हवेचा स्क्रू अर्धा फेरा बाहेर. तरी काळाच.

पलीकडच्या सोडाला भागातला मेकॅनिक हसला. "मॅडमजी, किताबवाला हाथ है आपका." त्याला चार शब्द सुनावले आणि त्याच्याकडूनच आणखी लहान जेट घेऊन आले.

या इंजिनाचं तेल डब्यातल्या पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, नाहीतर पिस्टन आत जाम होतो. ते काम बाबांचं. "कार्ब्युरेटर तुहा, डबा माहा," असा आमचा करार. मापाने तेल ओतायचं, डबा हलवायचा आणि त्यावर खडूने एक रेघ मारायची, म्हणजे दुसरं कुणी परत ओतणार नाही. शेडमधली सवय.

एका रविवारी चहा घेऊन अंगणात आले. बाबांनी तेल ओतलं, रेघ मारली, नळावर हात धुतले. परत येऊन पुन्हा माप भरलं, ओतलं आणि पहिल्या रेघेशेजारी दुसरी मारली.

"बाबा, दोनदा टाकलं तुम्ही."

"काऊन वं? तेल टाकता येत नाही मले आता? बत्तीस वर्षं इंजिनं पाजली म्या."

"दोन रेघा आहेत, बघा ना."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "एक तूनं मारली असशीन."

दोन रेघा मी आधीही पाहिल्या होत्या. फडक्याने पुसून टाकल्या होत्या, डबा घाण दिसतो म्हणून.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. औषधाने तो थांबत नाही, हेही सांगितलं. डबा काढून घ्यायला हवा होता. नाही घेतला. सुई, जेट, स्क्रू सगळं मूळ जागी आणलं आणि दर रविवारी त्यांच्या नकळत डब्यातलं मिश्रण ओतून योग्य मापाचं भरू लागले. तीन रविवार प्लग छान तपकिरी निघाला. चौथ्या रविवारी मी आंघोळीत असताना त्यांनी टाकी भरून टाकली.

नदीपात्रात इंजिन किंचाळलं आणि जाम झालं. बाबा वाळूत पडले. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. घरी येऊन मी आधी डबा पाहिला. एकही रेघ नव्हती.

"कायचं काय झालं वं?"

"माझं ट्यूनिंग चुकलं, बाबा."

"अन् म्हणे इंजिनियर!" ते हसले. आईनंतर इतकं मोकळं पहिल्यांदाच.

नवा पिस्टन बाजारात मिळतो. मी आणलेला नाही, आणणारही नाही.

गाडी अंगणात उभी आहे. रविवारी बाबा प्लग मागतात. मी काढून हातावर ठेवते. पांढराफटक आहे, तेलाविना तापून जळालेला. ते चष्मा वर करून निरखतात.

"अजून काळाच येऊन रायला. सुई खाली कर जराशीक."

मी कार्ब्युरेटर उघडते, सुई खाली करते, परत बसवते. किक मारून बघू, असं ते कधी म्हणत नाहीत.