सेलियाच्या आईची भाषा

"ही माझी आई नाही," सेलिया म्हणाली आणि तिने प्रूफचे कागद माझ्या टेबलावर ठेवले.

२०१७चा उन्हाळा. सँट्रीतल्या एका छोट्या आयरिश प्रकाशनात मी लेआउट करत होते. लेआउट म्हणजे लेखकाचा मजकूर आणि चित्रं पुस्तकाच्या पानांवर नीट बसवणं. सेलिया ब्राझीलच्या गोयास राज्यातली. गॉल्वे काउंटीतल्या गॉर्ट गावी मीट फॅक्टरीत कामाला. तिच्यासारखी बरीच ब्राझिलियन कुटुंबं तिथे स्थायिक झाली आहेत. त्यांच्या गोष्टी तिने पोर्तुगीजमध्ये लिहिल्या होत्या. सोबत लिनोकट होते. लिनोलियमच्या लादीवर चित्र कोरायचं, शाई फिरवायची, कागदावर छाप घ्यायचा. पुस्तकात डाव्या पानावर पोर्तुगीज, उजव्या पानावर इंग्रजी. तिचं पहिलंच पुस्तक.

"काय झालं?" मी विचारलं.

"या गोष्टीत आई मला फोनवर ओरडते. माझी आई शाळेत गेलेली नाही. इथे ती लिस्बनच्या बाईसारखी बोलतेय! बसला आम्ही 'ओनिबुस' म्हणतो, हिच्या तोंडी 'औतोकारु' आहे. आई एकच वाक्य तीनदा म्हणते, इथे एकदाच म्हणते. असं छापायचं असेल तर माझं नाव काढून टाका."

मला पोर्तुगीज येत नाही. आमचे प्रूफरीडर होते दुआर्ते, पोर्तुगालमधून आलेले निवृत्त शिक्षक. त्यांनी लाल पेनने केलेल्या दुरुस्त्या मी इमानदारीत फाइलमध्ये घेतल्या होत्या. पण सेलियाचं म्हणणं मला लगेच कळलं. मी नागपूरची. "काय करून राहिली?" असं विचारलं की पुण्याच्या हॉस्टेलात हशा पिकायचा.

मी बॉसकडे गेले. फर्गल शांत माणूस, पण आठवडाअखेर फाइल प्रेसला जायची होती.

"युअर मॅन आयुष्यभर पोर्तुगीज शिकवत होता," तो म्हणाला. 'युअर मॅन' म्हणजे 'तो माणूस', इथे दुआर्ते. "तो चुकीचं कसं करेल?"

"चुकीचं नाहीये. तिचं नाहीये."

फर्गल खुर्चीतून उठला. "बोलाव त्याला. दोघांना समोरासमोर बसव. मी चहा करतो."

दुआर्ते जवळच ब्युमॉन्टला राहायचे, दुपारपर्यंत आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. सेलियाला एवढंच म्हणाले, "मूळ मजकूर वाचून दाखवशील?"

सेलियाने आईच्या फोनचा प्रसंग वाचला. शब्द कळत नव्हते, तरी आई कुठे रागावते, कुठे रडू आवरते आणि पुन्हा जेवणाचंच विचारते, हे मला कळत होतं. वाचता वाचता सेलियाचा आवाज बारीक झाला. दुआर्तेंनी चष्मा काढला.

"माझा जन्म अंगोलातला, लुआंडाचा," ते म्हणाले. "देश स्वतंत्र होताना आम्ही पळून लिस्बनला आलो. मी चौदा वर्षांचा होतो. शाळेत पहिल्याच आठवड्यात मी बसला 'माशिंबोंबो' म्हणालो. आमच्याकडे तेच म्हणत. सगळा वर्ग हसला, शिक्षकसुद्धा. त्यानंतर मी तो शब्द घरातही उच्चारला नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

"तुला कोणी हसू नये म्हणून मी दुरुस्त्या केल्या," ते सेलियाला म्हणाले.

"सेन्योर," ती हळूच म्हणाली, "हसू देत ना. आई विनोदीच आहे."

दुआर्ते खरोखर हसले. मग दोघं शेजारी बसले आणि एकेक लाल खूण तपासू लागले. स्पेलिंगच्या खऱ्या चुकांच्या दुरुस्त्या तेवढ्या राहिल्या, बाकी सगळं परत सेलियाचं झालं.

माझी अडचण त्यानंतर सुरू झाली. आईची कापलेली वाक्यं परत आली तसा मजकूर वाढला. डावं पान पुढे सरकलं की समोरचं इंग्रजी हुकतं. सगळं पुन्हा जुळवलं तर शेवटी दोन पानं जास्त झाली. छपाई फॉर्म्यांत होते, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम सोळा पानं. दोन पानांसाठी अख्खा फॉर्मा वाढवायला फर्गल तयार नव्हता.

"एक लिनोकट काढू या," सेलिया म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. तो कोरायला तिने किती रविवार घालवले होते, ते मला ठाऊक होतं.

"चित्राला हात लावू नका," दुआर्ते म्हणाले. "सुरुवातीला माझी प्रस्तावना आहे. बरोबर दोन पानांची. ती काढा."

"तुम्ही मेहनतीने लिहिलीय," मी म्हणाले.

"त्यात मी वाचकांना सांगतोय की सेलियाची भाषा समजून घ्या. भाषाच छापली जातेय, तर मी मध्ये कशाला?"

प्रस्तावना निघाली. फाइल वेळेवर गेली.

प्रकाशन गॉर्टच्या लायब्ररीत झालं. मी आणि फर्गल मागे उभे होतो. सेलियाने आईचा फोन वाचायला घेतला आणि पुढच्या रांगेतल्या ब्राझिलियन बायका हसायला लागल्या. एकीने डोळे पुसले, पुन्हा हसली. दुआर्ते त्यांच्यातच बसले होते आणि सगळ्यांत मोठ्याने हसत होते.

"ग्रँड," फर्गल माझ्या कानाशी म्हणाला. त्याच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

आता प्रूफरीडरकडे काम पाठवताना मी त्यांना आधी विचारते, चुका दुरुस्त करायच्या आहेत की माणसं? उत्तर 'चुका' असेल तरच फाइल पाठवते.